सतरा घास आणि चार

सोमवार, ४ मार्च

सरांनी बजावलंय, चाचणीची वही रोजच्या रोज लिहा. ती निळ्या पुठ्ठ्याची वही वेगळी, तिच्यात आकडे जातात. जे वाचून सर भुवया उंचावतील, ते या वहीत.

आज यंत्र पहिल्यांदा वर्कशॉपबाहेर पडलं. तीन वर्षं ते फक्त मी, सर आणि आमचा प्रोग्रामर अशा तिघांनी वापरून पाहिलंय, आणि आम्हा तिघांचे हात धडधाकट आहेत. प्रोग्रामरला आम्ही स्वल्पविराम म्हणतो, कारण त्याचं एकही वाक्य पूर्ण होत नाही. यंत्र म्हणजे टेबलावर ठेवायचा एक लांब हात. टोकाला चमचा, समोर वाटी, वाटीखाली वजनकाटा. ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांनी कोपराखालचं पिवळं बटण दाबायचं. हलकेच दाबलं की चमचा घास घेऊन तोंडाशी येतो. दोन सेकंद दाबून धरलं की हात थांबतो आणि मान खाली घालून बसतो. एवढं करायला तीन वर्षं लागली, हे लोकांना सांगायची मला लाज वाटते.

ज्यांच्या घरी ते ठेवलं ते पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. वय सहासष्ट. नऊ वर्षांपूर्वी शिडीवरून पडले आणि मानेच्या मणक्याला मार बसला. हळूहळू चालतात, खांदे आणि कोपरं हलतात, पण बोटं मिटली ती मिटलीच. गल्लीत सगळे त्यांना अजून पेंटरच म्हणतात. धाकटा भाऊ सोबत राहतो, तोच तिन्ही वेळा भरवतो. दोघांनीही लग्न केलेलं नाही, आणि दोघं दिवसभर एकमेकांवर खेकसत असतात.

फॉर्ममध्ये एक ओळ होती, अपघात कसा झाला. पेंटर म्हणाले, "लिहा, शिडी घसरली. मी एकटाच होतो. याला त्या दिवशी सुट्टी दिली होती."

धाकटे तेव्हा टेबल पुसत होते. टेबल मी येण्याआधीच लख्ख होतं. स्वच्छतेचं वेड दिसतंय. चांगलंय, सेन्सरवर धूळ बसणार नाही.

यंत्र बघून पेंटर म्हणाले, "हा तर बगळा." झालं. तीन वर्षं आम्ही जे लांबलचक नाव मिरवत होतो त्याचा एका मिनिटात निकाल लागला.

पाच आठवड्यांनी मंजुरी देणारी समिती घरी येऊन बघणार. अट एकच: दहापैकी आठ जेवणं कुणाच्या मदतीशिवाय, वाटी रिकामी होईपर्यंत. जमलं तर अशी पन्नास यंत्रं बनवायची, नाही तर गाशा गुंडाळायचा.

बुधवार, ६ मार्च

पहिलं दुपारचं जेवण. मऊ भात, शिजवलेल्या भाज्या. वाटीत एकवीस घास बसतात, हे मोजून ठेवलंय.

पेंटरांनी आधी भावाला आत पिटाळलं. "तू जा. तुझं ताट घे नि बस. डोक्यावर उभा राहू नकोस." आतून ताटाचा आवाज आला. मग पेंटरांनी कोपर बटणावर टेकवलं. बगळ्याने मान खाली घातली, घास घेतला, वर आणला. पेंटर पुढे झाले आणि त्यांनी तो खाल्ला. नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या वेळेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. निळ्या वहीत लिहिलं, "पहिला घास यशस्वी."

सतरा घास झाले आणि बगळा थांबला. बटण दाबून धरलं गेलं होतं. चार घास राहिले.

धाकटे लगेच खांद्यावर टॉवेल टाकून हजर. "काय, दमला वाटतं तुमचा बगळा!" खुर्ची ओढून ते भरवायला बसले.

"दादा, तोंड उघड नीट. दाराला कडी लावल्यासारखा काय बसतोस?"

"आधी तू चमचा सरळ धर. नऊ वर्षं झाली, अजून नाकात घालतोस."

चार घासांना सहा मिनिटं लागली. त्यात शेजारच्या दुकानदाराची पाटी किती भिकार आहे यावर सविस्तर चर्चा झाली. बगळ्याने सतरा घासांना अकरा मिनिटं घेतली होती. म्हणजे माणसापेक्षा आमचं यंत्र बरंच बरं.

घरी आले तर आईने बरणी पुढे केली, झाकण उघडून दे म्हणाली. मनगटात जोर राहिला नाही, असं तिचं हल्ली रोजचंच. गावभर लोकांना हात पुरवत फिरायचं आणि घरात आईच्या मनगटाकडे कानाडोळा, असं व्हायला नको. झाकणं उघडायचं काहीतरी बनवून देते तिला.

शनिवार, ९ मार्च

सतरा. अठरा. सतरा. सतरा. सोळा. सतरा. अठरा. पूर्ण जेवणं शून्य.

प्रत्येक वेळी शेवटी लांब दाब पडलेला, बगळा थांबलेला, भावाने पुढे भरवलेलं. माझा संशय वाटीच्या तळावर आहे. घास कमी उरले की चमचा ते ढकलत राहतो, तोंडाशी अर्धाच घास येतो, माणूस कंटाळतो. वर्कशॉपमध्ये मात्र वाटी चाटून पुसून स्वच्छ होते. सर म्हणाले, घरचा भात चिकट असेल. शक्य आहे.

आई जेवायला थांबली होती. किती वेळा सांगितलं, मी वर्कशॉपमध्ये खाते काहीतरी, तू थांबत जाऊ नकोस. ऐकेल तर शपथ.

बुधवार, १३ मार्च

नवी वाटी नेली. तळ उतरता, एक बाजू उंच, म्हणजे शेवटचे घास आपोआप चमच्यापाशी गोळा होतात. मी स्वतःवर खूश होते.

सतरा घास. थांबला.

आता एक गोष्ट इथेच लिहिते. धाकट्यांचा मला संशय यायला लागलाय. बगळा थांबला की या गृहस्थांचा चेहरा असा उजळतो की बघवत नाही. "शेवटी माणूसच लागतो हो बाई," हे आज तिसऱ्यांदा ऐकवलं. वाटी ठेवतात तेच. बोटभर इकडेतिकडे सरकवत असले तर? यंत्राला वाटीची जागा ठरलेली लागते. मनात पाल चुकचुकली खरी. टेबलावर वाटीभोवती चिकटपट्टीच्या खुणा करून आले.

गुरुवार, १४ मार्च

वाटी केसभरही हललेली नाही. मी म्हाताऱ्या माणसावर उगाच आळ घेतला. लाज वाटली.

पेंटरांनी खुणा बघितल्या होत्या. म्हणाले, "इंजिनीअरबाई, हद्द आखून ठेवलीत का?" मी इकडचं तिकडचं काहीतरी बोलले. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही, पण डोळ्यांवरून कळलं, त्यांना सगळं समजलंय.

आईला झाकण-उघडणी दिली. रबराचा पट्टा, लांब दांडा, अजिबात जोर लागत नाही. मीच छोट्या दोऱ्याने बांधून, वर दोऱ्याचंच फूल करून दिली. आई म्हणाली, "किती छान गं." उद्यापासून सुटका.

मंगळवार, १९ मार्च

कारण सापडलं!

कोपर दमतं. इतकं साधं आहे. सतरा वेळा कोपर उचलून बटण दाबायचं म्हणजे नऊ वर्षं न वापरलेल्या स्नायूंना काही कमी काम नाही. सतराव्या घासापर्यंत खांदा भरून येतो, कोपर बटणावर पडतं आणि पडून राहतं. दोन सेकंद झाले की यंत्राला वाटतं, थांबायला सांगितलंय. रोज त्याच सुमाराला थांबतं याचंही उत्तर मिळालं. दमायची प्रत्येकाची एक पातळी असते.

पेंटरांना विचारलं, "काका, शेवटी शेवटी कोपर चुकून बटणावर पडतं का?"

धाकटे टॉवेल घेऊन तिथेच उभे होते. पेंटरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "कोपर आहे," ते म्हणाले. "पडतं कधी कधी."

निळ्या वहीत लिहिलं: वापरणाऱ्याने दुजोरा दिला.

झाकण-उघडणी आईने वापरलेली नाही. आज परत बरणी माझ्यापुढे. "ते तुझं यंत्र मला नाही बाई कळत." तिला फोनवर आठ मैत्रिणींना एकदम बोलायला जमतं, हे कळत नाही म्हणे.

शुक्रवार, २२ मार्च

आज मला एक कल्पना सुचली होती आणि तिच्यावर मी भलतीच भाळले होते. चमच्याच्या जागी ब्रश बसवायचा. पेंटर पुन्हा रंगवतील, समिती बघत राहील.

पेंटर खूप हसले. "अहो, तुमचा बगळा घास उचलतो. रेघ ओढणं वेगळं. रेघ खांद्यातून येते आणि श्वास धरून येते. हा श्वास कुठला धरणार?" मग म्हणाले, "आणि एकट्याने मी कधी पाटी केलीच नाही. मी अक्षराची कड काढायचो, हा आत रंग भरायचा. तीस वर्षं."

धाकटे आतून ओरडले, "आणि तुझ्या कडेबाहेर रंग गेला की शिव्या खायचो!"

"मग बाहेर घालवायचा कशाला?"

आतल्या ताटाचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला. धाकट्यांची भूक चांगली आहे. मी आले की नेहमी जेवत असतात.

बुधवार, २७ मार्च

समितीला दोन आठवडे उरले. पूर्ण जेवणं अजून शून्य. सर आज शांतपणे बोलले. ते ओरडतात तेव्हा ठीक असतं, शांत बोलले की समजायचं, खरंच अडचण आहे.

मी उपाय सांगितला. पंधराव्या घासानंतर लांब दाब मानायचाच नाही. कोपर पडलं तर पडू दे, यंत्राने कानाडोळा करायचा आणि वाटी रिकामी होईपर्यंत घास आणत राहायचं. चुकीचे दाब गाळून टाकायचे. सरांना पटलं.

स्वल्पविराम म्हणाला, "करता येईल, पण समजा त्यांना खरंच..."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. त्याचं पुढचं कधी येतच नाही. सोमवारपर्यंत करून दे, म्हटलं.

मंगळवार, २ एप्रिल

लिहायचं जिवावर आलंय. पण निळ्या वहीत हे मावणार नाही.

नवा प्रोग्राम टाकला. पेंटर जेवायला बसले, धाकटे आत गेले, मी बाजूला टॅब्लेट घेऊन बसले. सोळा, सतरा. मग पडद्यावर ओळ आली: लांब दाब, दुर्लक्षित. बगळ्याने मान खाली घातली आणि अठरावा घास आणला. मला आनंद झाला. गाळणी काम करत होती.

दुर्लक्षित, दोन. दुर्लक्षित, तीन. मी आकडे बघत होते. सहा, सात. मला वाटत होतं, बापरे, कोपर किती दमलंय यांचं, बरं झालं आपण हे केलं. अकरापर्यंत मी पडद्यावरून मान वर केली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. अकरा.

मग पाहिलं. पेंटरांनी तोंड घट्ट मिटलं होतं. चमचा ओठांपाशी येत होता, थांबत होता, परत जात होता, पुन्हा येत होता. भात हनुवटीवरून शर्टावर पडला होता. ते मान वळवत होते आणि कोपराने बटण दाबत होते, सगळा खांदा घालून, पुन्हा पुन्हा. एक शब्द बोलत नव्हते, कारण तोंड उघडलं असतं तर चमचा आत गेला असता.

मला माझ्याच यंत्राची वायर सापडेना. आतून धाकटे उष्ट्या हाताने धावत आले आणि त्यांनी भिंतीतून प्लग उपटला. बगळा हवेत तसाच राहिला.

धाकट्यांनी टॉवेलने भावाचं तोंड पुसलं, मग शर्ट. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घेऊन जा हे."

पेंटर म्हणाले, "राहू दे." मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, "बाई, हातवारे करून माणूस नको म्हणतो, ताट सारतो, उठून जातो. माझ्याकडे तेवढं एक बटण होतं."

मी सॉरी म्हणाले असेन. आठवत नाही.

बुधवार, ३ एप्रिल

सकाळी स्वल्पविरामला म्हटलं, त्या दिवशीचं वाक्य पुरं कर. तो म्हणाला, "समजा त्यांना खरंच थांबायचं असेल तर?" हे त्याने पूर्ण केलेलं पहिलं वाक्य, आणि मी आठवडाभर उशिरा ऐकलं. जुना प्रोग्राम परत टाकायला घेऊन गेले.

पेंटर एकटेच होते, धाकटे बाजारात. मी दारातच माफी मागितली. रडू येईल असं वाटत होतं, आलंही.

"बसा," ते म्हणाले. "चूक तुमची एकटीची नाही. मी खरं सांगायला हवं होतं. पण तो टॉवेल घेऊन तिथेच उभा होता ना."

मग त्यांनी सांगितलं. मी जसं ऐकलं तसं उतरवते.

"पाटी करताना सगळी अक्षरं मी काढायचो आणि हा भरायचा. पण शेवटचं अक्षर त्याचं. कड त्याने काढायची, भरायचंही त्याने. वाकडं आलं तरी मी हात लावायचो नाही. नाही तर दिवसभर दुसऱ्याच्या रेघेत रंग भरून माणसाला वाटायचं काय? आता बघा. नऊ वर्षं हा मला आधी भरवतो आणि मग स्वतः जेवतो. नऊ वर्षं तो गार जेवलाय. हे यंत्र मी मागून घेतलं ते माझ्यासाठी नाही हो. म्हटलं, मी जेवतो तेवढ्यात तो आत बसून गरम जेवेल. पण पहिल्या दिवशी त्याचं तोंड पाहिलं. असं झालं होतं, जसं काही कामावरून काढलाय. म्हणून सतरा माझे. उरलेले चार त्याचे."

मी म्हटलं, "आणि तुम्हाला चालतं? यंत्र सगळं भरवू शकत असताना?"

"चालतं म्हणजे? तेवढीच तर सहा मिनिटं तो माझ्याशी बोलतो. एरवी हा माणूस फक्त ओरडतो."

जिन्यावर चप्पल वाजली. पेंटरांनी पटकन आवाज खाली आणला. "त्याला सांगू नका. त्याला वाटतं, बगळ्याला शेवटचं जमत नाही. वाटू दे."

धाकटे आत आले, मला बघून पिशवी जरा जोरात ठेवली, आणि मग तीन कप चहा टाकला. तीन, म्हणजे मीही धरून. बरं वाटलं.

जेवणाच्या वेळी मी टॅब्लेट उघडलाच नाही. सतरा घास, बटण, बगळ्याने मान खाली घातली. लगेच. मी आयुष्यात इतकं सुंदर काही बनवलेलं नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

धाकटे मला खालपर्यंत सोडायला आले. कधी येत नाहीत. फाटकाशी थांबले, कडीशी चाळा करत राहिले.

"त्या फॉर्मवर दादाने काय लिहायला लावलं, मी ऐकलं होतं," ते म्हणाले. "एकटा होता म्हणून. मला सुट्टी होती म्हणून."

"हो."

"मला सुट्टी नव्हती. शिडी मी धरली होती. पलीकडे सायकलवाल्याकडे ओळखीचा माणूस दिसला, म्हटलं दोन मिनिटं बोलून येतो. वर दादाला सांगितलंही नाही. मागे वळलो तर आवाज." त्यांनी कडी लावली, परत काढली. "डॉक्टरांना त्याने तेच सांगितलं, एकटा होतो. नातेवाइकांना तेच. नऊ वर्षांत मला एक शब्द नाही. एकदा तरी शिव्या घालायच्या! कडेबाहेर रंग गेला तर घालायचा, मग याला का नाही?"

मी म्हटलं, "काका, शिव्या तर रोज घालतात."

ते हसले आणि डोळे पुसले, दोन्ही एकदम. "चार घास तरी माझ्याकडे राहिले," म्हणाले. "तुमच्या यंत्राचे उपकार, ते अर्धवट आहे ते."

रस्त्याने मी सगळं पुन्हा आठवत होते. ती ओळ मी माझ्या हाताने लिहिली आहे. बदलायची का? नाही बदलली.

गुरुवार, ११ एप्रिल

समिती आली. फाईल घेतलेले एक अधिकारी आणि एक डॉक्टरबाई. सर नवा शर्ट घालून.

पेंटर छान जेवले. सतरा. कोपर दाबून धरलं, बगळा थांबला. धाकटे टॉवेल घेऊन पुढे झाले.

अधिकाऱ्यांनी हात वर केला. "एक मिनिट. तुमच्या नोंदीत प्रत्येक वेळी शेवटचे चारेक घास राहिलेले दिसतात. अट पूर्ण वाटीची आहे. हे का होतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर, कारण त्यांना उत्तर हवं होतं. पेंटर, नजर अजिबात न हलवता. धाकट्यांच्या हातात चमचा होता.

तीन वर्षं मी या यंत्राबद्दल कुणाला वाकडा शब्द बोलू दिलेला नाही. ते वाटी चाटून पुसून साफ करतं, माझ्याकडे वर्कशॉपमधल्या दोनशे वाट्यांचे फोटो आहेत. तोंडापर्यंत आलं होतं.

"वाटीच्या तळाचे घास त्याला उचलता येत नाहीत," मी म्हणाले. "आमची त्रुटी आहे. अजून जमलेलं नाही."

सरांचं तोंड उघडं पडलं आणि मिटलं. अधिकाऱ्यांनी फाईलमध्ये लिहिलं, "अपूर्ण." तो शब्द मला समोरून उलटा दिसत असूनही वाचता आला. तीन वर्षांच्या कामाला एक शब्द. फार लागलं, खोटं कशाला लिहू.

पेंटरांनी डोळे मिटले आणि उघडले. धाकटे खुर्ची ओढून बसले. "उघड तोंड. लोक आलेत म्हणून लाजतोस की काय?"

डॉक्टरबाई तेवढ्या बगळ्याकडे न बघता या दोघांकडे बघत होत्या. निघताना त्यांनी एकच विचारलं, "ते बटण दाबलं की यंत्र दर वेळी थांबतं?"

"मधे एक दिवस नव्हतं थांबत," मी म्हणाले. "तो माझा दोष. आता थांबतं. पहिल्या घासालाही आणि शेवटच्यालाही."

खाली आल्यावर सर म्हणाले, "तुला वेड लागलंय का?" मी रस्त्यातच त्यांना सगळं सांगितलं, आणि लेखी अहवालात खरं कारण लिहिणार आहे हेही. कागद त्या घरात जाणार नाही. सरांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "माझा भाऊ मला पाच वर्षांत भेटला नाहीये," आणि गाडीत बसले. मला वाटतं, ते अजून रागावलेले असावेत.

मी वर टॅब्लेट विसरले होते. आणायला गेले तर धाकट्यांनी दारातच हातात दिला. "वाटीच्या तळाचं एवढं मनाला लावून घेऊ नका," म्हणाले. मग आत पेंटरांकडे एकदा बघून, हळूच, "आणि जमवूही नका."

त्यांना ठाऊक आहे की नाही, मला कळलं नाही. विचारणारही नाही.

बुधवार, १७ एप्रिल

पत्र आलं. मंजुरी नाही, नकारही नाही. आणखी तीन महिने, आणखी चार घरं, मग पुन्हा बघू. सोबत तपासणीचा तक्ता होता. "वाटी रिकामी झाली का" या रकान्याच्या आधी कुणीतरी पेनाने एक नवा रकाना आखलाय: "थांबवल्यावर थांबलं का." अक्षर डॉक्टरांचं असावं, धड वाचता येत नाही.

बगळा पेंटरांकडेच ठेवायला सरांनी परवानगी दिली. कारण विचारलं तर म्हणाले, तळाचं जमलेलं नाही ना, मग तिथेच सुधारायला हवं. सरांनी चेष्टा केलेली मी प्रथमच ऐकली. स्वल्पविरामने बटणाचा नियम प्रोग्रामच्या सगळ्यात वरच्या ओळीत नेला, आणि म्हणाला, "आता हे कुणालाही बदलता येणार नाही, अगदी तुम्हालासुद्धा." पूर्णविरामासकट.

काम लवकर संपलं म्हणून घरी गेले. आई ओट्याशी होती. पाण्यासाठी पेला घ्यायला म्हणून खण उघडला तर आत झाकण-उघडणी दिसली. मी बांधलेला दोरा अजून सुटलेला नव्हता, वरचं फूल तसंच होतं. खण बंद केला.

मला बघून आईने फडताळातून बरणी काढली. "आलीस का? एवढं उघडून दे गं. माझ्या मनगटात..."

मी बरणी हातात घेतली. झाकण सैल होतं. एका बोटाने फिरलं असतं. आईकडे पाहिलं तर ती खिडकीबाहेर बघत होती, आणि ओट्यावर दोन ताटं मांडलेली होती.

मी बरणी पोटाशी धरली. दातओठ खाल्ले, खांदा घातला, चांगला जोर लावल्यासारखं केलं आणि मग झाकण उघडलं. "हुश्श," म्हटलं. "फारच घट्ट होतं गं."

"बघ ना," आई म्हणाली. "तू होतीस म्हणून."